कोंबड्यांची तेलाची लस: शेडावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खानापूरच्या बाजूला आमचं लेयरचं, म्हणजे अंड्याच्या कोंबड्यांचं शेड आहे, आणि वर्षातले निम्मे दिवस मी टोळी घेऊन दुसऱ्यांच्या शेडात लस टोचत फिरतो, निपाणी-संकेश्वरपासून बैलहोंगलपर्यंत. विचारणारे कुणी मराठीत विचारतात, कुणी कन्नडमध्ये ("ई एण्णे इंजेक्शन याक री?" म्हणजे हे तेलाचं इंजेक्शन कशाला हो), आणि बाटलीवरचं लेबल मात्र दोघांनाही न कळणाऱ्या बारीक इंग्रजीत. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही, कुठली लस कितव्या दिवशी हे तुमच्या पशुवैद्याला विचारूनच ठरवा. बाटलीच्या आत काय असतं आणि ते कोंबडीच्या अंगात काय करतं, एवढंच इथं आहे.

तेलाची लस म्हणता, पण दिसते तर दुधासारखी पांढरी. तेल कुठे आहे त्यात?

पांढरी दिसते म्हणूनच फसायला होतं. घरातलंच उदाहरण घ्या. दूध म्हणजे पाण्यात स्निग्धाचे बारीक थेंब आणि लोणी म्हणजे उलटं, स्निग्धात अडकलेले पाण्याचे थेंब. दोन्हीत माल तोच, मांडणी वेगळी. दुधाचा थेंब पाण्यात टाकला तर पसरून जातो, लोण्याचा गोळा वर तरंगत राहतो. कोंबड्यांच्या बहुतेक किल्ड लसी या लोण्याच्या जातीच्या असतात, म्हणजे बाहेर तेल आणि त्या तेलात पाण्याचे अगदी बारीक थेंब, साधारण एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून लहान, आणि मारलेला विषाणू त्या पाण्याच्या थेंबांत बंद. पांढरा रंग प्रकाश त्या कोट्यवधी थेंबांवर विखुरतो म्हणून येतो, नाहीतर तेल पण पारदर्शक आणि पाणी पण पारदर्शक.

तेल बहुतेक वेळा मिनरल ऑइल, म्हणजे शुद्ध केलेलं लिक्विड पॅराफिन. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत म्हणून मध्ये मध्यस्थ लागतो, त्याला इमल्सिफायर म्हणतात. स्पॅन ८० हा तेलाच्या बाजूचा, ट्वीन ८० हा पाण्याच्या बाजूचा, आणि दोघांचं प्रमाण कसं धरलंय त्यावर शेवटी दूध बनतं की लोणी हे ठरतं. मग मोठ्या मशिनीत जोरात घुसळतात, रवीनं ताक करतो तसंच, फक्त वेग भयंकर.

मेलेला विषाणू नुसताच टोचला तर काय बिघडतं? तेलाचा खर्च कशाला?

मेलेला विषाणू अंगात वाढत नाही. लाइव्ह लसीतला वाढतो, पेशीत शिरतो, शरीराला जाग येते. मेलेला पाण्यातून टोचला तर थोड्या दिवसांत साफ होऊन जातो आणि शरीर म्हणतं, आलं आणि गेलं, कशाला धावपळ. थोड्या अँटीबॉडी येतात आणि लवकर उतरतात.

तेलात अडकवला की दोन गोष्टी होतात. एक तर त्या जागी साठा राहतो, तेल हळूहळू फुटतं आणि विषाणूचे कण थोडे थोडे बाहेर पडत राहतात. दुसरं म्हणजे तेल स्वतःच त्या जागी सौम्य दाह करतं, आणि माझ्या मते खरी गंमत इथं आहे, कारण लोक साठ्याचंच बोलतात आणि दाहाचं विसरतात. त्या दाहामुळं हेटरोफिल (माणसात न्यूट्रोफिल करतात ते काम कोंबडीत हे करतात) आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी धावत येतात, तेलाचे थेंब गिळतात, त्यातला विषाणू कापून बाकीच्या पेशींना दाखवतात की बघा हा आलेला. कोंबडीला आपल्यासारख्या काखेत-जांघेत लिम्फच्या गाठी नसतात, त्यामुळं टोचल्या जागीच पेशींची वस्ती बसते आणि पुढचं काम प्लीहेत वगैरे चालतं.

ही युक्ती जुनी आहे. ज्यूल्स फ्रॉइंड नावाच्या शास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात पॅराफिन तेलातलं मिश्रण वापरलं, त्यात क्षयाच्या जातीचे मेलेले जंतू पण घातले होते, ते फार जहाल. जंतू काढून नुसतं तेल आणि इमल्सिफायर ठेवलं ते अपूर्ण फ्रॉइंड. आपल्या कोंबड्यांच्या लसी त्याच घराण्यातल्या, मवाळ केलेल्या.

एका कंपनीची लस पातळ, दुसरीची घट्ट. घट्ट म्हणजे जास्त ताकदीची ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर लोकांना आवडत नाही. घट्टपणाचा आणि ताकदीचा थेट संबंध नाही.

उलट एक गोष्ट ऐकून बघा. लोण्याच्या जातीच्या लसीत पाणी वाढवलं तर ती पातळ होत नाही, घट्ट होते. कारण पाणी तिथं थेंबांच्या रूपात आहे, थेंब वाढले की एकमेकांना घासायला लागतात, दाटी होते, बेळगावच्या शनिवारच्या बाजारासारखी. म्हणून अर्धं तेल अर्धं पाणी अशी लस बरीच घट्ट, आणि सत्तर भाग तेल तीस भाग पाणी अशी लस त्यापेक्षा पातळ असते आणि सिरिंजमधनं सरळ जाते. आजकाल बऱ्याच लसी त्या ७०:३० च्या आसपास करतात ते याच्यामुळंच. घट्ट लस थंडीच्या दिवसात द्यायची म्हणजे अंगठा सुजतो, पोरं कंटाळून अर्धाच दाबा मारतात आणि पक्ष्याला अर्धाच डोस जातो. कागदावर ती लस कितीही भारी असू दे, कोंबडीच्या अंगात गेलीच नाही तर काय उपयोग.

तिसरा प्रकार पण आहे, डबल इमल्शन, म्हणजे पाणी-तेल-पाणी. तेलाच्या थेंबात पाण्याचे थेंब आणि तो तेलाचा थेंब परत बाहेरच्या पाण्यात. ती खूप पातळ, टोचायला सुखाची, बाहेरच्या पाण्यातला विषाणू लगेच शरीराला दिसतो म्हणून सुरुवात लवकर होते, गाठही कमी. पण लांब पल्ल्याला लोण्याच्या जातीची लस साधारणपणे जास्त टिकते. दुधाच्या जातीची, म्हणजे बाहेर पाणी आत तेल, ती सगळ्यात सौम्य आणि सगळ्यात लवकर ओसरणारी. आता दीड वर्ष अंडी द्यायचा लेयर पक्षी आणि चाळीस दिवसांत जाणारा ब्रॉयलर यांना एकच मांडणी कशी चालेल? पक्षी किती दिवस ठेवायचाय हे आधी बघायचं, लस किती घट्ट दिसते हे नंतर.

थेंब बारीक असले काय आणि मोठे असले काय, विषाणू तर तेवढाच ना?

विषाणू तेवढाच, पण टिकणं वेगळं. मोठे थेंब एकमेकांना चिकटून आणखी मोठे होतात आणि शेवटी पाणी खाली बसतं. बारीक आणि सगळे एकसारखे असले की लस महिनोन् महिने तशीच राहते आणि अंगात गेल्यावरही तेल सावकाश सुटतं. बाटलीच्या पहिल्या डोसात आणि शेवटच्या डोसात सारखाच माल यायला हवा असेल तर थेंब एकसारखेच पाहिजेत.

लस दिली, सगळं केलं, तरी टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीचं माप) आला नाही. कंपनीनं फसवलं का?

कधी कधी लस खराब असतेही. पण आधी आपलं घर बघा. माझंच सांगतो.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात किल्ड लसीच्या तीन बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये आणून ठेवल्या. पाहुण्यांना द्यायला कुंद्याचे डबे आले, दूध आलं, जागा राहिली नाही, आणि पोरानं बाटल्या उचलून वरच्या बर्फाच्या कप्प्यात ढकलल्या. मला सकाळी कळलं. बाटली बाहेर काढली, थोड्या वेळानं बघतो तर तळाला बोटभर निवळ, किंचित लालसर पाणी आणि वर तेल. मी काय केलं, तर जोरात हलवली. हलवल्यावर परत पांढरी झाली, म्हटलं झालं काम, आणि दीड हजार पुलेटना (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांना) टोचून मोकळा. चार आठवड्यांनी रक्त तपासलं तर एका पक्ष्याचा टायटर ९ आणि शेजारच्याचा ३, नुसता गोंधळ. बाटल्या फेकून दिल्या असत्या तर तेवढेच पैसे गेले असते, इथं पैसे गेले आणि वर्षभर जीव टांगणीला लागला.

असं का झालं? गोठल्यावर पाण्याच्या थेंबांत बर्फाचे सुयांसारखे खडे होतात, ते इमल्सिफायरची पातळ पापडी फाडतात, थेंब एक होतात. हातानं हलवून ते परत एक मायक्रॉनचे होत नाहीत, मोठे मोठे थेंब होतात आणि पाच मिनिटांत परत बसायला लागतात. मग एका पक्ष्याला नुसतं तेल आणि दुसऱ्याला नुसतं पाणी जातं. ज्याला पाणी गेलं त्याच्यात साठा नाही, ज्याला तेल गेलं त्याच्यात विषाणू नाही.

दुसरं कारण गंबोरो, हा विषाणूचा रोग. कोंबडीच्या मागच्या बाजूला, विष्ठेच्या वाटेच्या वर एक पिशवी असते, फॅब्रिशियसची पिशवी, तिथं अँटीबॉडी करणाऱ्या पेशी तयार होतात (बी सेल मधला बी हा त्या बर्सा शब्दावरनंच आलाय, ब्रूस ग्लिकनं १९५६ मध्ये कोंबडीतच हे दाखवलं). पिल्लाला लहानपणी गंबोरो होऊन गेला असेल आणि पिशवी खराब झाली असेल तर जगातली भारीतली लस द्या, कारखानाच बंद, माल कुठनं येणार.

तिसरं कारण आपल्या भागात फार आहे, मका. पावसात भिजलेला, नीट न वाळवलेला, बुरशी आलेला मका स्वस्तात मिळतो म्हणून खाद्यात घालतात. त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, यकृत तर खातंच पण लसीचा प्रतिसादही खाली आणतं. पक्षी मरत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात खाद्याची पोती भिंतीला टेकवून ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

फुटलेली लस ओळखायची कशी?

बाटली न हलवता उजेडात धरा. वर थोडंसं तेल सुटलेलं दिसलं तर घाबरू नका, हलवल्यावर मिसळतं. तळाला पाण्याचा वेगळा थर दिसला तर ती लस गेली, देऊ नका, हलवून बघूही नका कारण हलवल्यावर मोह होतो (वर सांगितलंच). मांडणी कुठली ते बघायचं असेल तर वाटीत पाणी घ्या आणि एक थेंब टाका, पसरला तर दुधाची जात, थेंब तसाच वर राहिला तर लोण्याची जात.

करंट गेला आणि फ्रिज सहा तास बंद होता, लस वाया गेली का?

बहुतेक नाही. २ ते ८ डिग्रीत ठेवायची हा नियम पाळायचाच, पण किल्ड लसीला काही तास थोडी ऊब लागणं हे गोठण्यापेक्षा खूप कमी वाईट आहे. फ्रिज उघडू नका म्हणजे गारवा राहतो. लाइव्ह लसीचं मात्र असं नाही, ती उन्हात-उबेत लवकर मरते. लोक नेमकं उलटं करतात, लाइव्ह लस खिशात घालून आणतात आणि किल्ड लस बर्फात गाडून. थर्माकोलच्या डब्यात किल्ड लस आणताना बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये कागदाची जाड घडी घाला, थेट चिकटू देऊ नका.

टोचायच्या आधी लस कोमट करायची का?

हो, नक्की. फ्रिजमधली थंड लस घट्ट असते, सिरिंज ओढत नाही, डोस कमी भरतो, आणि पक्ष्यालाही गार तेल टोचल्यावर त्रास होतो. खोलीच्या तापमानाला, २०-२५ डिग्रीला येऊ द्या. मोठी बाटली दिसते त्यापेक्षा हळू तापते, आतलं मधलं तेल तासन् तास गारच राहतं. आमच्याकडं डिसेंबरात पहाटे शेडात हात वळत नाहीत तेव्हा कोमट पाण्याच्या बादलीत उभी करतो, पण अंगाला सोसेल एवढंच पाणी. चुलीजवळ ठेवणं, उन्हात ठेवणं, कढत पाणी हे सगळं बंद. मध्ये मध्ये बाटली उलटी-सुलटी करत राहा, फेस येईपर्यंत नाही. फोडलेली बाटली त्याच दिवशी संपवा.

एकाच बाटलीत चार रोग, की वेगवेगळ्या लसी? चार-एकात स्वस्त पडते.

गणित करून बघा. अर्ध्या मिलीच्या डोसात ७०:३० नं बघितलं तर तेल ०.३५ मिली आणि पाणी फक्त ०.१५ मिली. राणीखेत, ब्राँकायटिस, गंबोरो, एग ड्रॉप, सगळ्यांचा मेलेला विषाणू त्या ०.१५ मिलीत बसवायचा. म्हणजे प्रत्येक विषाणू आधी चांगला दाट करायला लागतो. ज्या कारखान्याला ते जमतं त्यांची चार-एकात लस उत्तम काम करते. ज्यांना जमत नाही त्यांच्या बाटलीवर चार नावं असतात आणि कामाला येतात दोन. तेल कितीही चांगलं असू दे, आत विषाणूच कमी असेल तर तेल काय जादू करणार. युरोपच्या औषधसंहितेत राणीखेतच्या किल्ड लसीला एका डोसात किमान ५० पीडी-पन्नास एवढी ताकद मागतात, म्हणजे निम्म्या पक्ष्यांना वाचवायला लागेल त्याच्या पन्नास पट. विकत घेताना दर विचारतो तसं हेही विचारायला हरकत नाही. उत्तर नाही मिळालं तर तेही एक उत्तरच.

विषाणू मारतात कशानं, तेही महत्त्वाचं आहे. फॉर्मलिननं मारतात किंवा बीटा-प्रोपिओलॅक्टोननं. मारताना त्याचं बाहेरचं रूप बिघडलं तर शरीर भलत्याच चेहऱ्याची ओळख ठेवतं.

आधी लाइव्ह लस झालीच पाहिजे का? थेट किल्ड दिली तर?

देता येते पण निम्मा फायदा घालवता. लाइव्ह लस डोळ्यात-नाकात थेंबानं दिली की तिथल्या अस्तरावर पहारा बसतो आणि शरीराला विषाणूची पहिली ओळख होते. नंतर किल्ड टोचली की ती जुनी ओळख जागी होऊन अँटीबॉडी उसळतात. नुसत्या सौम्य लाइव्ह लसीनं राणीखेतचा एचआय (अँटीबॉडी मोजायची रक्तचाचणी) टायटर साधारण ४ ते ६ पर्यंत जातो (लॉग दोन मध्ये, म्हणजे १:१६ ते १:६४), आणि लाइव्हवर तेलाची लस चढवली तर ११ पर्यंत किंवा त्याच्याही वर गेलेला दिसतो. दोन्हींत चार ते सहा आठवड्यांचं अंतर ठेवलं तर प्रतिसाद सगळ्यात छान बसतो, लेयरला म्हणूनच १६ ते १८ आठवड्यांना, अंडी चालू व्हायच्या आधी, किल्ड देतात.

किल्ड लसीची मर्यादा पण इथंच आहे. रक्तात अँटीबॉडी भरपूर, पण नाकाच्या-घशाच्या अस्तरावरची आणि पेशींच्या पातळीवरची लढाई कमजोर. म्हणून टायटर ९ असलेल्या शेडातसुद्धा बाहेरचा विषाणू शिरून फिरू शकतो, पक्षी मरत नाहीत पण विषाणू सोडत राहतात. शेजारच्या शेडाला त्याचा प्रसाद मिळतो.

ब्रॉयलरला चाळीस दिवसांसाठी तेलाची लस परवडते का?

ज्या भागात मानमोडी फिरतेय (राणीखेतला आपल्याकडं मानमोडी म्हणतात, मान वाकडी होते म्हणून) तिथं परवडते. पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटा ही राणीखेतची लाइव्ह लस आणि त्याच वेळी मानेखाली किल्ड, कमी डोसात, असं करतात. अडचण आईच्या अँटीबॉडीची. आईला तेलाची लस दिलेली असते, तिच्या अँटीबॉडी अंड्याच्या बलकातनं पिल्लात येतात आणि दर साडेचार दिवसांना साधारण निम्म्या होतात. १:२५६ नं सुरू झालेलं पिल्लू ९ व्या दिवशी १:६४ वर आणि १८ व्या दिवशी १:१६ वर येतं. या अँटीबॉडी पिल्लाला वाचवतात पण लाइव्ह लसीलाही मारतात. तेलातला विषाणू आत लपून बसलेला असतो, आईच्या अँटीबॉडी उतरायला लागल्या तरी तो हळूहळू बाहेर येतच असतो, म्हणून किल्डला ही अडचण कमी पडते. कमी पडते, अजिबात नाही असं नाही.

पण विकायच्या आधी किती दिवस लस बंद हे लेबलवर बघा. अमेरिकेत मिनरल तेलाच्या बऱ्याच लसींवर कापायच्या आधी ४२ दिवस असं असतं, आणि आपला ब्रॉयलर तेवढ्यात हॉटेलात पोचलेला असतो. म्हणून ब्रॉयलरची लस वेगळी, डोस वेगळा, लेयरची उरलेली बाटली ब्रॉयलरला मारायची नाही.

टोचल्या जागी गाठ आली. लस लागली म्हणायची की बिघडली?

वाटाण्याएवढी, मऊ, दुखत नसलेली गाठ असेल तर तो तेलाचा साठा आणि त्याच्याभोवती जमलेल्या पेशी, ते होणारच. मोठी, गरम, पू झालेली असेल तर सुई घाण होती. आमच्या टोळीत पाचशे पक्ष्यांना एक सुई, त्याच्यावर नाही, आणि वाकली की लगेच फेकायची. डोक्याच्या जवळ टोचलं की तोंड सुजतं, मान वाकडी होते आणि मालक म्हणतो "लस दिली तरी मानमोडी आली की ओ". मानमोडी नव्हे, टोचणाऱ्याचा हात वर गेला होता.

मानेत की छातीत?

मानेच्या मागच्या बाजूला, खालच्या अर्ध्यात, कातडी उचलून कातडीखाली, सुई शेपटीकडं. छातीत देता येतं, पण तिथं तेल आणि गाठ मांसात राहते, आणि सुई खोल गेली तर थेट यकृतात, पक्षी हातातच जातो. मोठ्या पुलेटला १८-१९ नंबरची अर्धा इंच सुई, पिल्लांना बारीक.

आणि सिरिंज तपासा. तेलानं रबरी वॉशर फुगतं, सकाळी अर्धा मिली देणारी सिरिंज दुपारी ०.४ देते. मोजपात्रात वीस दाबे मारा, १० मिली भरलं पाहिजे. संध्याकाळी बाटलीपण मोजा. हजार पक्ष्यांना ५०० मिली लागतं, हजार पक्षी झाले आणि बाटलीत ६० मिली उरलं तर खूश होऊ नका, १२० पक्ष्यांचा डोस कुठंतरी पिसांवर गेला आहे नाहीतर हवेत. एका शेडात मी असं मोजलं तर मालक म्हणाला, बरं झालं की, उरलं ते पुढच्या बॅचला! कपाळाला हात लावला.

लस दिल्यावर अंडी कमी होतात का?

अंड्यावर असताना धरपकड केली तर दोन-चार दिवस होतात. म्हणून आधीच द्या.

तेलाऐवजी जेलची लस मिळते, ती घेऊ का? आणि खाद्यतेल का वापरत नाहीत?

अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या जेलची लस सौम्य, पातळ, गाठ कमी, पण टिकते थोडे महिने. कोरायझा या सर्दीसारख्या रोगाला ती वापरतात, दुसरा डोस लागतो. खाद्यतेल म्हणजे शेंगदाण्याचं वगैरे शरीर पचवून टाकतं, गाठ राहत नाही ही चांगली गोष्ट, पण साठाही लवकर संपतो आणि इमल्शन टिकवणं अवघड, तेल खवटही होतं. मिनरल तेल शरीराला पचत नाही, त्याचं बळ पण तेच आणि दोष पण तोच.

घरात वीस गिरिराज कोंबड्या आहेत, बाटली हजार डोसांची. काय करू?

हा खरा अडलेला प्रश्न आहे. गल्लीतले पाच-सहा जण मिळून एक दिवस ठरवा, त्या दिवशी बाटली फोडा, संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या कोंबड्या उरका. घरच्या कोंबड्यांना बहुतेक ठिकाणी डोळ्यातली लाइव्ह लस आणि नंतर आर टू बी ही राणीखेतची टोचायची लाइव्ह लस यावरच भागवतात, आणि वेळेवर दिली तर ते पुष्कळ आहे. सरकारी दवाखान्यात विचारा, बेंगळुरूच्या हेब्बाळला कर्नाटक सरकारची लस तयार करणारी संस्था आहे, तिथली लस येते. हजार डोसांतलं उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून महिन्यानं वापरू नका, सुई घातली की बाटलीत घाण गेलीच.

टोचताना सुई माणसाच्या हातात गेली तर?

हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं. एक थेंब जरी गेला तरी लगेच दवाखान्यात, सर्जन असलेल्या मोठ्या दवाखान्यात, त्याच तासाला. दुखत नसलं तरी. मिनरल तेल बोटाच्या स्नायूरज्जूच्या आवरणातून आत पसरतं, जोरात सूज येते, रक्त अडतं, उशीर झाला तर बोट जाऊ शकतं. कापून, धुऊन काढायला लागू शकतं. आमच्या टोळीतल्या एका पोराला अंगठ्याच्या मुळाशी गेलं, एवढासा टिपका, हसत होता, हळद लावतो म्हणाला. बाटलीचा खोका हातात देऊन गाडीवर घालून पाठवला, कारण डॉक्टरांना नुसतं "कोंबडीचं इंजेक्शन" सांगितलं तर ते धनुर्वाताचं देऊन घरी पाठवतात. "तेलाची लस आहे, मिनरल ऑइल आहे" हे शब्द सांगायचे आणि खोक्यातला कागद दाखवायचा. रात्रीपर्यंत त्याचा हात मनगटापर्यंत सुजला होता, वेळेवर गेला म्हणून अंगठा राहिला.

टायटर कधी तपासायचा, किती पक्ष्यांचा?

तेलाची लस सावकाश चढते. आठ दिवसांत रक्त काढून "काहीच नाही" म्हणून ओरडू नका. पहिले दोन आठवडे फार काही दिसत नाही, शिखर साधारण चार ते सहा आठवड्यांना. टोचायच्या आधी एकदा आणि नंतर पाचव्या आठवड्याच्या सुमारास एकदा, शेडाच्या चारी कोपऱ्यांतून आणि मधून मिळून वीसेक पक्षी, दारातले सापडतील तेवढेच नव्हे. सरासरीपेक्षा पसारा बघा. सरासरी ८ आणि सगळे ७ ते ९ मध्ये असतील तर लसही चांगली आणि टोळीही चांगली. सरासरी ८ पण निम्मे १० वर आणि निम्मे ६ वर असतील तर टोळीच्या मुकादमाला बोलवा, आणि त्या दिवशी सिरिंज कुठली होती ते विचारा.